धायटीच्या दाटीत

मी आरमोरीकडची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. नव्वदच्या सुमारास लग्न होऊन भामरागडच्या बाजूला आले आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सासूबाई मला आणि थोरल्या जावेला घेऊन धायटीची फुलं तोडायला निघाल्या. ही फुलं औषधाला जातात.

धायटी नाल्याकाठच्या खडकाळ उतारावर माजते. फांद्या खाली लवलेल्या, आणि त्यांना बुडापासून शेंड्यापर्यंत लाल फुलं. झुडपं इतकी दाट, की पलीकडचं माणूस दिसत नाही. म्हणून जिने तिने अधूनमधून ‘कूऽऽ’ करायचं, एवढंच मला सांगितलं होतं. सासूबाई माझ्या स्वयंपाकापासून चालण्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवत. मी मनातून त्यांच्यावर चिडूनच होते.

नाल्याकडून त्यांची हाक यायची थांबली. मी कू केलं, जावेने केलं. उत्तर नाही. मी टोपली टाकून निघाले, तर जावेने मनगट धरलं.

"कुठी चालली?" ती कुजबुजली.

"त्या ओ देत नाहीत."

"म्हणून तं जायाचं नाई. हाक बंद झाली म्हंजे जागीच थांबाचं. जवळ जनावर हाये."

आमच्याकडे ओ आली नाही की माणसं धावत सुटतात. मला जावेचा संताप आला. म्हातारी मेली तरी ही उभीच राहणार का? नाल्यातून हुंगल्याचा आवाज आला, बैल पेंडीला तोंड लावताना येतो तसा. मग दगड घरंगळले. चीड कुठल्या कुठे गेली. त्या जगू देत, एवढंच मी घोकत होते.

बऱ्याच वेळाने कू आली, बारीक. पाठोपाठ सासूबाई झुडपं धरत वर आल्या. ओटीतली फुलं सांडून गेली होती.

"अस्वल होतं," त्या खाली बसत म्हणाल्या. "हातभर अंतरावर." मग जावेकडे वळल्या. "हे हालली होती का?"

"निघाली होती. म्या धरली."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज नेहमीचाच, कुरकुरता.

"तू त्याले दिसली असती तं मले वरडा लागलं असतं. त्याले माह्याकडे वळवाले."

मी तिथेच रडायला लागले.