वखारीतला पहिला रविवार

आमची मंडळी वाढली कशी, असं कुणी विचारलं की मी आधी तंबाखूबद्दल बोलायला लागते आणि विचारणारा गडबडून जातो. माझा इलाज नाही. निपाणीत बिड्या वळणाऱ्या बायकांमध्ये आमचं चर्च सुरू झालं आणि त्यातली पहिली बाई माझी आई होती.

दुपारी आमच्या सोप्यात सात-आठजणी मांडीवर सूप घेऊन बसायच्या. हात पान-तंबाखूत, तोंडात गाणं. गाणं संपलं की आई प्रार्थना सुरू करायची. डोळे मिटायची सोय नव्हती, मिटले की बिडी वाकडी. म्हणून समोरच्या एकेकीकडे बघत ती देवाशी बोलायची. "देवा, हिच्या सुनेला नववा लागलाय, बघ बाबा. आणि हिचा नवरा काल परत पिऊन आलता, त्याच्या डोस्क्यात जरा उजेड पाड." बायका 'आमेन' म्हणायच्या आणि पुढचं पान उचलायच्या.

हळूहळू त्यांचे नवरे आले, पोरं आली, सदलग्याहून दोन घरं यायला लागली. मग दर रविवारी बेळगावहून पाळक येऊ लागले. माणूस मनाचा चांगला, पण शिस्तीचा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटायचे. त्यानंतर आई मागं सरकत सरकत थेट दारापाशी जाऊन बसली. "मला वाचाय येत न्हाय, पुढं बसून काय करू?" म्हणायची. मला भयंकर राग यायचा. पाळकांचा थोडा, आईचा जास्त.

तेव्हा मी बेळगावात खडेबाजारात एका कापडाच्या दुकानात होते आणि शनिवारी रात्री घरी यायची. दर खेपेला माणसं वाढलेली असायची. निम्मी उपासना गल्लीत बसून व्हायची, मोटारसायकली लागायच्या आणि शेजारी कातावायचे. शेवटी पाळक म्हणाले, जागा मिळाली नाही तर सगळ्यांनी बेळगावच्या चर्चला यावं. दीड-दोन तासांची एसटी! आठवडाभर बिड्या वळून धुणं रविवारवर ढकलणाऱ्या बाया कशा जाणार? एका महिन्यात सगळं विस्कटलं असतं, हे आईला कळत होतं. त्या आठवड्यात ती नीट जेवली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका जैन व्यापारी अण्णांची तंबाखूची वखार होती. व्यापार बंद केल्यापासून ती रिकामीच पडलेली. आई आणि मी जाऊन उभ्या राहिलो. अण्णा कमरेची किल्ली चाचपत म्हणाले, "माझे भाऊ नको म्हणत्यात. दंगा हुईल म्हणत्यात, मटण शिजवतील म्हणत्यात."

"मटण न्हाय शिजणार, अण्णा. शब्द देते," आई म्हणाली.

"मग एक रविवार बघतो. मी सोता येऊन बघणार. पटलं तर ऱ्हावा, न्हायतर सोमवारी कुलूप."

मी नाचायचीच बाकी होते! दुकानात शनिवारची सुट्टी काढली आणि शुक्रवारीच घरी आले. शनिवारी पदर खोचून झाडू हातात घेतला. एक म्हातारी बिडीवाली दारातून म्हणाली, "आधी पानी मार गं बाय, कोरडं झाडू नगंस." मी ऐकते कसली? उत्साहाच्या भरात भिंती झाडल्या, कोपरे झाडले, वर आढ्यापर्यंत काही हात पोचला नाही म्हणून ते तसंच सोडलं. मंडपवाल्याकडून दोन उभे फॅन आणले. मोठे, लग्नातले. पताका लावल्या. काय दिसत होती वखार!

रविवारी माणसं मावेनात. अण्णा वेळेवर आले, चपला काढल्या आणि दारातच आईशेजारी उभे राहिले. पहिलं गाणं असं दणक्यात झालं की माझ्या अंगावर काटा आला. पाळक बोलायला उठले आणि मी मोठ्या दिमाखात दोन्ही फॅन सुरू केले.

आढ्यावरचा कैक वर्षांचा तंबाखूचा खकाणा खाली आला.

पाळक "प्रिय बंधूंनो" म्हणाले आणि शिंकले. पुन्हा "प्रिय" म्हणाले आणि पाच-सहा शिंका एकदम आल्या. मग पुरुष शिंकायला लागले, पोरं शिंकायला लागली, सदलग्याची दोन्ही घरं पार बेजार झाली. पाळकांच्या डोळ्यांतून धारा, आवाज पार बसलेला. अण्णांनी नाकाला उपरणं लावलं. मला वाटलं, संपलं. माझ्याच हातानं मी वाट लावली.

बिडीवाल्या बायका मात्र शांत बसल्या होत्या. त्यांना त्या धुळीचं काय कौतुक? जन्म त्यातच गेलेला.

आई उठली. "आधी ती फॅनं बंद कर गं, शहाणे," मला म्हणाली. दोघी बिडीवाल्यांनी पाणी शिंपडलं. मग पाळकांना म्हणाली, "तुमी बसा, साहेब. पानी प्या." आणि ती पुढं जाऊन उभी राहिली. माझी आई! रिकाम्या हातांची बोटं सवयीनं बिडी वळल्यासारखी हलत होती. डोळे सताड उघडे. एकेकाकडे बघत ती देवाशी बोलू लागली. सदलग्याच्या म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूबद्दल, नववीत नापास झालेल्या पोरीबद्दल. "आमच्या पाळकांचा घसा मोकळा कर, देवा. लांबनं येत्यात आमच्यासाठी." शेवटी तिची नजर दारात गेली. "आणि आमचे अण्णा मघापासनं हुबे हायत. त्यांचं गुडघं दुखत्यात, तुला ठावं हाय. त्यांस्नी बसाय दे."

एका बाईनं पळत जाऊन खुर्ची आणली. अण्णा बसले, आणि उपासना संपेपर्यंत बसून राहिले. मला रडू फुटलं आणि या खेपेला त्याच्याशी तंबाखूचा काही संबंध नव्हता.

आता त्या वखारीत दोन उपासना होतात आणि तरी माणसं बाहेर बसतात. येळ्ळूरच्या एका कुटुंबानं तर आमचं बघून स्वतःच्या अंगणात प्रार्थना सुरू केलीय. पाळक अजून डोळे मिटायला सांगतात, पण सुरुवातीची प्रार्थना आईचीच असते आणि ती उघड्या डोळ्यांनीच होते.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर अण्णा उठले आणि कमरेची किल्ली काढली. पाळकांनी हात पुढं केला. अण्णा त्यांच्याकडे बघून हसले, आणि वळून दारापाशी गेले. आई तिथं चपला नीट लावत होती.

"धर आक्का," ते म्हणाले. "सोमवारी मी काय कुलूप लावाय येत न्हाय."

आईनं किल्ली घेतली, आणि सकाळपासून हलणारी तिची बोटं तेव्हा थांबली.