सशांची व्यायामशाळा

नार्नूरकडचं आमचं वांग्या-मिरच्यांचं शेत भाऊ बघू लागला आणि मी हायवेच्या काठच्या एका खासगी फार्मसी कॉलेजात प्रयोगाची जनावरं सांभाळायला लागलो. जनावरं म्हणजे उंदीर आणि बारा पांढरे ससे. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बैलं सोडले अन् उंदरं राखून राह्यला!"

ससे एकेकट्या पिंजऱ्यात होते. लेंड्या खाली पडाव्यात म्हणून पिंजऱ्याचा तळ जाळीचा. सशाला आत कसंबसं वळता यायचं, पण मागच्या पायांवर उभा राहिला की कान छताला लागून मुडपायचे. बसून बसून ते चांगलेच लठ्ठ झाले होते. प्रिन्सिपल साहेब पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे, "देखो, कितने हेल्दी हैं!"

महिन्यातून एकदा जनावरांच्या डॉक्टरबाई यायच्या. एकदा त्यांनी एक ससा उताणा धरला आणि मला त्याचे मागचे तळवे दाखवले. केस गेलेले, कातडी लालभडक, टाचेला जखम. मी त्याला रोज खायला घालत होतो, पण पाय उचलून कधी पाहिलाच नव्हता. मला लाज वाटली.

"जाळीवर बसून होतं हे," बाई म्हणाल्या. "बसायला सपाट फळी द्या, गवत द्या, रोज पळू द्या."

साहेबांनाही त्यांनी सांगितलं, की दुखणाऱ्या सशावर औषध तपासलं तर उत्तरही दुखरंच येणार. साहेब म्हणाले, जागा नाही.

जागा होती. कॉलेजात एक व्यायामशाळा होती. कोणा मोठ्या पाहुण्यानं फीत कापली, फोटो निघाले आणि त्याच दिवशी तिला कुलूप लागलं. मुलांनी किल्ली मागितली की साहेब म्हणायचे, "सामान खराब होगा."

मग पत्र आलं, की जनावरांची व्यवस्था तपासायला लोक येणार. साहेबांना त्याच सकाळी सशांच्या तळपायांची काळजी वाटू लागली. किल्ली सापडेना, म्हणून कुलूप तोडलं. सायकली, पळायचं यंत्र, सगळं प्लास्टिकसकट भिंतीला सरकवलं. मी चटया अंथरल्या, फळ्यांची खोपटी केली. नर एकमेकांना फाडतात, म्हणून त्यांच्यात प्लायवूड घातलं; माद्या एकत्र सोडल्या.

पहिला दिवस सगळे कोपऱ्यात दबून बसले. एवढी मोकळी जागा त्यांनी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी एक मादी धावत सुटली आणि हवेत अशी वेडीवाकडी उडाली की मला वाटलं, हिला झटका आला. तपासणीआधी मुद्दाम बोलावलेल्या डॉक्टरबाई हसल्या. "झटका नाही हो. खूश आहे ती."

तपासणीवाले आले. दारावरची 'व्यायामशाळा' ही पाटी वाचून त्यांच्यातला एक म्हणाला, "सशांच्या खोलीला नाव छान दिलंय." साहेबांनी नम्रपणे मान झुकवली.

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली न गेली तोच साहेब मला म्हणाले, "अब वापस पिंजरे में डालो."

मी साहेबांशी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो. "साब, वो लोग बोलके गये, बिना बताये फिर आयेंगे."

साहेबांनी वळून फाटकाकडे पाहिलं. "तो रहने दो."

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "सशायसाठी खोटं बोलले? मायासाठी तं कदी नाई बोलले! काऊन?"

काही आठवड्यांत तळव्यांवर केस आले, सुटलेली अंगं उतरली. जखमवाल्या सशाचा पाय मात्र वाकडाच राहिला. तो लंगडत पळतो. पळायच्या यंत्राची वायर त्यानंच कुरतडली.

मुलांनी अर्ज दिला, की आम्हालाही संध्याकाळी तासभर आत येऊ द्या. साहेबांनी तो नामंजूर केला. कारण लिहिलं, जनावरांच्या आरोग्याला बाधा येईल. वर्ग सुटल्यावर मुलं आता खिडकीशी उभी राहतात आणि सशांना पळताना बघतात.