चांद्याचं नॅशनल पार्क

आनंदीबाई बोरिवलीहून परत महाडच्या स्टँडावर उतरली, तेव्हा तिच्या पिशवीतल्या तांदळाच्या भाकऱ्यांना बुरशी धरली होती. भाकऱ्या पोरासाठी, दीपकसाठी होत्या. दीपक भेटलाच नव्हता.

चार वर्षांमागं तो घर सोडून गेला. एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागला होता, हातावर कसलंसं औषध उडून कातडी भाजली, तसा काम टाकून गावी, कापड्याला आला. बापानं, महिपतीनं, चार माणसांत विचारलं, "कातडी जपायची तर बायकांत जाऊन बस. भात कशाला गिळतोस?" पोरानं ताट सरकवलं आणि उठला. त्या दिवसापासून महिपतीनं त्याचं नाव घेतलं नाही, आणि आनंदीबाईनं दुसऱ्या कुणाचं घेतलं नाही. महाडच्या बाजाराला आली की आधी स्टँडावर यायची, मुंबईच्या गाडीतून शेवटचं माणूस उतरेपर्यंत उभी राहायची आणि मग मिरच्या विकायला बसायची.

आणि दोन हजार दोनच्या जूनअखेरीस कापड्यात श्रीपतच्या दुकानातला फोन वाजला. श्रीपतनं निरोप आणला तो असा: दीपक नॅशनल पार्कच्या गेटाजवळ खानावळीत जेवण बनवतो. तीस तारखेला पार्क पावसाळ्यापुरतं बंद होतं. मग मालक सगळ्यांना दुसरीकडं नेणार, कुठं ते त्यालाही ठाऊक नाही. "आयेला सांगा," म्हणाला, आणि फोन तुटला. नंबर कुठला, तर कुठल्याशा बूथवरचा.

नॅशनल पार्क म्हटल्यावर गावात कुणाला विचारायची गरजच पडली नाही. कापड्याची अर्धी पोरं बोरिवलीच्या बाजूला. कंडक्टरसुद्धा 'नॅशनल पार्कवाले, पुढं या' म्हणून ओरडतो. आनंदीबाई त्याच गाडीनं गेली. दोन दिवस त्या गेटावर उभी राहिली. शेवटी तिकीटवाल्याला दया आली. "आजी, हे पार्क पावसात बंद नाय होत. उलट गर्दी वाढते." तेव्हा ती माघारी फिरली.

आता अठ्ठावीस तारखेची दुपार. श्रीपत दुकानाचा माल न्यायला महाडात आला होता. स्टँडासमोरच्या हॉटेलात तिनं त्याला गाठलं.

"श्रीपतभावजी, पोर काय बोल्लं ते शब्दाला शब्द सांगा."

"आता वयनी, लाइनीत नुसती खरखर. बोल्ला, चांदिवलीच्या नॅशनल पार्कला हाय."

"चांदिवलीच बोल्ला?"

"चांद्या... चांद्याच्या, आसं कायतरी. मी म्हनलं, मुंबैतली चांदिवलीच आसंल. दुसरं काय आसनार?"

शेजारच्या बाकावर रमजान चहा पीत होता. वरंधचा, आनंदीबाईच्या माहेरचा. एमआयडीसीतले ड्रम ट्रकनं देशभर पोचवणारा. त्यानं बशी खाली ठेवली.

"ओ श्रीपतशेट, चांदा म्हंजे चंद्रपूर! तितले लोक चांदाच बोलतात. आमी माल घेऊन जातो ना, कागदाच्या कारखान्याला. तितंच हाय ते वाघांचं पार्क, ताडोबा."

"किती लांब रे?" आनंदीबाईनं विचारलं.

"काकी, हितनं मुंबई जेवडी, तशा पाच मुंबया एकापुढं एक ठेव."

श्रीपतचं तोंड उतरलं. "म्या काय मुद्दाम केलं वयनी?"

"तीन दिस गेले माजे, भावजी." एवढंच ती बोलली. मग रमजानकडं वळली. "तुजा टरक?"

"उद्या भरनार. त्याच्यापुडं तीन दिस. वरंध घाटात दरड आलीय, भोरवरनं पुनं गाठायचं बंद. आंबेनळी घाटानं महाबळेश्वर करून गेलीस तर साताऱ्यातच रात होईल." त्यानं बोटांवर हिशेब केला. "एकच हाय. आत्ताची पनवेल धर. तितनं कल्यान. रातच्याला साडेनवाला नागपूरची रेल्वे. वर्ध्याला उतरायचं, मग चांदा, मग पार्काच्या गेटाची, मोहर्लीची एसटी. परवा सकाळी गेटावर. सगळं टायमात गावलं तर."

"आन नाय गावलं तर?"

रमजाननं स्टँडाकडं बोट केलं. पनवेलची गाडी लागली होती.

"महिपतदादाला घेऊन जा ना," श्रीपत म्हणाला. "एकली कुटं फिरशील?"

"त्यांना बघून पोर मागच्या दारानं पळंल."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून रमजाननं ती नावं तिच्याकडून घोकून घेतली. दोनदा तिनं वर्धा कल्याणच्या आधी घातलं. तिसऱ्यांदा बरोबर म्हटली आणि पनवेलच्या गाडीत घुसली. बसायला जागा नव्हती.

माणगावच्या अलीकडं गाडी थांबली. कंडक्टर पुढं जाऊन बघून आला. ट्रेलर आडवा झाला होता, दोन-तीन तासांची खोटी.

"कल्यानची साडेनवाची गावंल ना?"

"कठीण आहे आजी. उद्याची धरा."

आनंदीबाईनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"जून तिसाचा का एकतिसाचा रे दादा?"

"तिसाचा."

"नीट बग. कायकाय महिने एकतिसाचे आसतात ना?"

"असतात. पण जून तिसाचाच."

तिनं पिशवी उचलली. "दार उघड."

"अहो आजी, कुठं? पाऊस बघा!"

"आडवा पडलाय तो रस्त्यात पडलाय. त्याच्या पलीकडं गाड्या आसतील का नसतील?"

उभ्या ट्रकांच्या कडेकडेनं, चिखल तुडवत, ती निघाली. ट्रेलरचं चाक ओलांडताना लुगडं फाटलं, तिनं वळून पाहिलं नाही. पलीकडं माघारी वळणारा एक टेम्पो होता. त्याच्या दाराला हात घालून ती ओरडली, "पनवेल?"