झेरॉक्स मागायला आलेली जत्रा

वसुधाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांनाच फोन लावायच्या बेतात होतो. वाचनालयाच्या टेबलापुढे जत्रेच्या नाटकमंडळाचे अध्यक्ष उभे. हातात आमच्याच कपाटातलं नाटकाचं पुस्तक आणि प्रत्येक पात्राला त्याची एकेक झेरॉक्स हवी. "देवाचा काम, फुकट दाखयतंव, मगे परवानगी कित्याक?" नाही म्हणावं तर गाव नाराज, हो म्हणावं तर कायदा... आणि फोनवर बाईंची मुलगी सांगत होती, "आई गेली." अध्यक्षांना मी मागाहून यायला सांगितलं असावं, नीट आठवत नाही.

बाई गोव्यातल्या धारगळच्या. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या, तरी पेडणे-डिचोलीतल्या आम्हा वाचनालयवाल्यांना कॉपीराइट शिकवायला येत. त्यांच्या आधीचे साहेब पडद्यावर कलमं दाखवत आणि आम्ही पंख्याखाली पेंगत असू. परतताना डोक्यात उरे ती नुसती भीती. आमच्यातले काही जण तर अभ्यासाला दोन पानं मागणाऱ्या पोरींनाही परत पाठवत. बाई चिडत. "भियान नाय म्हणू नको रे, समजून नाय म्हण." मग त्यांनी जत्राच वर्गात आणली. कुणी मंडळाचा अध्यक्ष, कुणी ग्रंथपाल, आणि स्वतः नाटककार होऊन खुर्चीत बसत. फुकटच्या प्रयोगाला कायद्यात सवलत असू शकते, पण आख्ख्या पुस्तकाच्या नकला पात्रागणिक वाटणं निराळं, हे मला कलमांतून कधी उमगलं नाही. बाईंनी डोळे वटारून "मगे माजा पुस्तक खपतला कसा?" असं विचारलं तेव्हा उमगलं. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची.

गेल्या आठवड्यात तो वर्ग माझ्या गळ्यात पडला. आदल्या दिवसापासून एकच धास्ती. मी चुकीचं सांगितलं आणि कुणा बिचाऱ्याची नोकरी अडचणीत आली तर? सगळ्यांना पुन्हा घाबरवूनच घरी पाठवलं तर? बाई असत्या तर... हेच डोक्यात घोळत होतं. मुळगावच्या वाचनालयातल्या शोभाला मी मंडळाची अध्यक्ष केलं. ती ऐटीत उठली, सवयीनं रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या नाटकाच्यो झेरॉक्सी काडू?" मी खुर्चीत जाऊन बसलो. बाईंचं वाक्य पाठ होतं, पण तोंडून निघालं भलतंच.

"बाई नाय गो आता. माका इचार."

शोभानं डोळे पुसले आणि तोच प्रश्न परत विचारला.