वकीलसाहेबांचं सांबर

इतकी वर्षं लोटली, तरी ती हकिकत आठवली की मला एकट्यालाच हसू येतं. निजामाचा अंमल होता. औंढ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्यावर मी अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, म्हणून नुकताच रुजू झालो होतो. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी आणि अंगणात लिंबाचं झाड. यातल्या लोकांची नातवंडं अजून त्याच भागात नांदतात, म्हणून नावं सांगत नाही.

शनिवारी सकाळी हजेरी चालू असताना एक म्हातारा धनगर ओरडत आत आला. त्याची घोडी चोरीला गेली होती. आदल्या दिवशी तो मेंढरं घेऊन डोंगरात गेला होता. घोडीच्या पाठीवर काळी घोंगडी बांधलेली होती. दुपारी झाडाखाली त्याचा डोळा लागला आणि उठून पाहतो तर घोडी नाही. चोराचं नावही त्याने स्वतःच सांगितलं: बायकोचा भाऊ! सासऱ्याने मरताना घोडी लेकाला न देता लेकीला दिली होती. त्यावरून जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात दोघांची चांगलीच जुंपली होती आणि "एक दिवस घोडी घेऊन जाईन" असं मेव्हणा चारचौघांत बोलला होता.

मी मेव्हण्याला बोलावून घेतलं. दणकट, पण भोळा गडी.

"काल डोंगरात गेला होतास?"

"व्हय जी."

"काहून?"

"सीताफळं आनायला."

"घोडी दिसली?"

"न्हाई. बंदुकीचा बार मातर आयकला. दचकून झाडावरून खाली पडलो ना जी." त्याने सोललेलं कोपर पुढे केलं.

फिर्यादीत नाव होतं, डोंगरात गेल्याचं त्याला कबूल होतं. चौकशी पुरी होईपर्यंत त्याला कोठडीत बसवणं भाग होतं. तासाभरात धनगराची बायको आली आणि लिंबाखाली फतकल मारून बसली.

"माझ्या भावाला चोर म्हनून राहिले तुमी? तो सुटल्याबिगर मी घरी येनार न्हाई. ऱ्हावा मेंढरांसंगं!"

"घोडी दे म्हनावं, मग भाऊ ने," म्हातारा म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता. तिने भाकरीला हात लावला नाही आणि मग त्यालाही लावता येईना. एका घोडीपायी म्हातारपणी संसार मोडायची पाळी आली होती.

माझे जमादार वयाने मोठे, मुरलेले. गावच्या मंदिराजवळच्या हॉटेलातून चहा पिऊन आले आणि माझ्याजवळ वाकून म्हणाले, "साहेब, पायथ्याच्या गावातल्या वकीलसाबनं काल सांबर मारलं म्हनतेत. पन वाटा कुनालाच न्हाई गेला. ये बात कुछ जमती नहीं."

मलाही ते पटलं. आमच्या भागात शिकार झाली की चार घरी वाटा जाणारच. न गेला तर रश्श्याचा वास तरी जातोच.

हे वकील हिंगोलीला वकिली करत आणि शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या आठवडी सुट्टीला, गावी येऊन एखादा दिवस जास्तच राहत. माणूस मोठा गप्पिष्ट. दुपारी आम्ही दोघं त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. घोडीचा विषयच मी काढला नाही. म्हटलं, "वकीलसाहेब, अभिनंदन. शिकारीची हकिकत ऐकायला आलो."

त्यांचा चेहरा खुलला. "अहो, कसली शिकार! जेवून सहज पाय मोकळे करायला निघालो होतो. बंदूक आपली सवयीने खांद्यावर. तर समोर झुडपात सांबर!"

चहा येईपर्यंत ते सांबर बैलाएवढं होतं. पोहे संपेस्तोवर उंटाएवढं झालं. शिंगं दाखवायला वकिलांचे दोन हात पुरेनात.

"मी नेम धरला, बार काढला, आणि अमीनसाहेब, ते असं खिंकाळलं, असं खिंकाळलं, की सगळा डोंगर दणाणला!"

जमादारांची बशी ओठांपाशीच थांबली. "वकीलसाब, सांबर खिंकाळतं?"

वकिलांनी शिंगं दाखवणारे हात खाली घेतले. पण वकील तो वकील. "जखमी जनावर कसंही ओरडतं. त्यावरून काही सिद्ध होत नाही."

"बराबर," मी म्हणालो. "मग सांबरच धरू. शिकारीचा परवाना दाखवा. परवान्याशिवाय या डोंगरात सांबर मारणं गुन्हा आहे."

"मग... सांबर नव्हतं असं समजा."

"मग घोडी होती. तिचा मालक ठाण्यावर बसलाय आणि त्याचा मेव्हणा चोर म्हणून कोठडीत आहे."

जन्मभर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केलेल्या त्या माणसाला तिसरी बाजू काही सापडेना. उपरण्याने कपाळ पुसत ते म्हणाले, "आधी त्या माणसाला सोडा हो. झुडपात काळं काहीतरी हललं, मी बार काढला. खिंकाळी ऐकली आणि घोडी नाल्यात कोसळताना पाहिली. घाबरून घरी पळत आलो. मंडळींनी विचारलं, काय मारलंत? तोंडातून सांबर निघालं, ते परत आत जाईना."

मेव्हण्याला मोकळं करून सगळ्यांनाच पंचनाम्यासाठी डोंगरात नेलं. नाल्याच्या काठावर काटेरी झुडपात घोंगडी अडकली होती. तिला आरपार भोक पडलेलं. म्हाताऱ्याने ती ओढून छातीशी धरली. पण मेव्हणा नाल्यात उतरून पुढे गेला आणि ओरडला, "दाजी, घोडी चरून राहिली हितं!"

गोळी घोंगडीच्या घड्यांतून निघून गेली होती. घोडी घसरून पडली होती खरी, पण गुडघा खरचटण्यापलीकडे तिला काही झालं नव्हतं. म्हातारा तिच्या गळ्यात पडून रडला.

वकिलांना तेवढ्यात कंठ फुटला. "अमीनसाहेब, घोडी तर जिवंत आहे. मग माझा गुन्हा तो काय?"

"अन् घोंगडीला भोक उंदरानं पाडलं व्हय?" धनगरीण गरजली.

वकिलांनी मुकाट्याने आपलं उपरणं काढून तिच्यापुढे धरलं. ते फाडून तिने भावाचं कोपर बांधलं आणि माझ्याकडे वळली. "साहेब, खोटं नाव घेनाऱ्याला कोन्तं कलम हाय?" म्हातारा घोडीच्या आड सरकला.

वकिलांची बंदूक मी जमा करून घेतली आणि पुन्हा असं होणार नाही असा मुचलका त्यांच्याकडून लिहून घेतला. म्हाताऱ्याची शिक्षा मात्र बायकोनेच ठरवली. तिने घोडीवर भावाला बसवलं, दोर म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि सगळ्या गावादेखत वरात घरी गेली. मागून ती चालत होती, पदर तोंडाला लावून. हसत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

पुढच्या नोकरीत माझा आवाज फारसा चढला नाही. संशयित समोर आला की मी चहा मागवायचो आणि म्हणायचो, सांगा बुवा, कसं काय झालं. दरडावलं की प्रत्येक माणूस वकील होतो. कौतुक केलं की शिकारी होतो. आणि शिकाऱ्याला फक्त बोलू द्यावं लागतं.