झोपेचे पिक्चर

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी गावी, डिंगोऱ्यात, कांदाचाळीत कांदा भरत होतो. जुन्नरला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं, आणि त्याच्या बंद दुकानापुढे कुणीतरी हळहळत होतं, “माणूस चांगला व्हता, पण त्या न कळणाऱ्या पिक्चरपायी धंदा घालवला.” मला संताप आला. घालवला कसला? हवा तोच धंदा त्याने आयुष्यभर केला.

रफिक माझा शाळासोबती. नव्वदच्या दशकात तो व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायचा. मारामारीचे पिक्चर सगळेच ठेवायचे, हा मात्र मुंबईहून भलतंच काही शोधून आणायचा. कुठल्या देशाचे, कुणी काढलेले, पत्ता नाही. गोष्ट नाही, गाणं नाही. माणूस घराचं दार उघडतो आणि थेट समुद्रात उतरतो... पहिल्यांदा तर मी चक्क घोरलो. गावाने नाव पाडलं, ‘झोपेचे पिक्चर’. या पठ्ठ्याने रंगारी बोलावून तेच नाव दुकानाच्या फळीवर ठळक लिहून घेतलं!

बाजारच्या दिवशी दुपारी तो ते फुकट लावायचा. डिंभ्याची एसटी येईस्तोवर माणसं सावलीला टेकायची. एकदा पडद्यावर एक बाई गुडघाभर पाण्यातून आपल्याच घरात फिरत होती, चुलीपाशी वाकत होती. पोरं हसली. धरणात गाव गेलेल्या हौसाबाई तिथे पिशवी घेऊन बसल्या होत्या. “हसू नका रं,” त्या म्हणाल्या, “आमचं घर मला झोपंत असंच दिसतं.” एसटी आली, गेली, त्या उठल्या नाहीत. रफिकने कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. पुढे कुणी चिडवलं की तो म्हणायचा, “व्हय राव, झोपेचेच. जागेपणीचं रोज बघताच की!”

केबल आली, सीडी आल्या, बाकीच्यांनी दुकानं मोडली. याने मोडलं नाही. कळत नाही ते टाकाऊ, असं म्हणणाऱ्या शहाण्यांचा मला अजून राग येतो. स्वप्नं तरी कुठे कळतात? म्हणून कुणी झोपायचं सोडतं का?

गेल्या आठवड्यात त्याच्या धाकट्या भावाने मोबाइलच्या दुकानासाठी गाळा मागितला. कॅसेटी भंगारात जाणार होत्या. रफिकच्या बायकोने, शमीमभाभींनी, त्यातला एकही पिक्चर कधी पुरता पाहिला नव्हता, पाच मिनिटांत उठून कामाला लागायच्या. त्या हो म्हणतील असंच मला वाटलं... पण त्यांनी शटर वर ढकललं आणि पदराने कॅसेटी पुसायला घेतल्या.

“भाभी, ठेवून करायचं काय?” दिराने विचारलं.

“मला एक बी कळला न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता कळंस्तोवर बघणार हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, मशीन लावा.”