पाटसच्या स्टँडवर चांगुणाआक्का

कासुर्डीत कुणाच्या लग्नात जिलेबी होती आणि कुणाच्यात नुसता शिरा, यावरून वाद झाला की लोक चांगुणाआक्काकडे यायचे. वय अडुसष्ट, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या वरमाईच्या साडीचा रंग सांगायची. ती साडी तिला कशी शोभत नव्हती, हेही सांगायची. न विचारता.

तेविसाव्या वर्षी आक्काला स्किझोफ्रेनिया झाला. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं ते कायमचंच. तिला आवाज ऐकू यायचे. त्यातला एक बाप्या सारखा तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा. गोळ्यांनी तो बराच गप्प झाला. कधी बोललाच तर, "तुला येती का भाकरी थापायला?" असं खडसावून ती कामाला लागायची. धाकटा भाऊ बबनराव साखर कारखान्यातून रिटायर झालेला. बहिणीवर जीव, पण तोंडानं कायम करवादलेला. दर महिन्याला आक्का एकटीच एसटीनं दौंडला जाऊन गोळ्या आणायची.

गेल्या श्रावणात ती वेळेवर परतली नाही. बबनराव शोधत निघाला, तर ती वाटेतल्या पाटसच्या स्टँडवर गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"बबन, कुठल्या गाडीत बसायचं तेच कळंना."

"त्या बाप्यानंच सांगितलं आसंल, हितं उतर म्हणून."

"तो बिचारा सकाळपास्नं गप हाय. माझं मलाच आठवना."

घरी येऊन बबनराव म्हणाला, "काय न्हाई, जुनंच दुखणं हाय." सून तेजश्रीला पटेना. दोन महिने ती बघत होती. आक्का चूल पेटवून कशाला पेटवली ते विसरायची, नातीला तिसऱ्याच नावानं हाक मारायची.

"आबा, आत्यांच्या दुखण्यात सगळं झालं, पण इसरणं कवा होतं? हे नवीन हाय."

तिनं दोघांनाही दौंडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आक्काला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. सगळे आकडे एकाच बाजूला गोळा झाले.

"ही बाजू रिकामी का, आजी?"

"त्या टायमाला मी झोपल्याली आसते."

बबनराव फिसकन हसला. तेव्हा बाईंनी त्यालाही तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: आंबा, कंदील, घोडा. पाच मिनिटांनी त्याला आंबा आठवला, घोडा आठवला, आणि मग तो छताकडे बघत बसला.

"ह्याला बी गोळ्या चालू करा," आक्का म्हणाली.

बाईंनी मग नीट समजावलं. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना उतारवयात डिमेन्शियाचा, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पण प्रत्येक गोष्ट जुन्या आजारावर ढकलली जाते आणि उशीर होतो. रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. हाताच्या थरथरीवरची एक गोळी वर्षानुवर्षं चालू होती, तिनंही विस्मरण वाढतं. ती हळूहळू कमी करायचं ठरलं. "थोडं सुधारेल," बाई म्हणाल्या, "पण गेलेलं सगळं परत येईल असं नाही. पुढे वाढूही शकतं."

परतताना गाडीत बबनराव हळूच सुनेला म्हणाला, "येवढी वर्सं मी तिच्या आजाराकडंच बघितलं. तिच्याकडं बघायचं ऱ्हाऊन गेलं."

चार महिन्यांत आक्काच्या डोक्यातलं धुकं जरा विरळ झालं. घड्याळाच्या दोन्ही बाजूंना आकडे आले, काटे मात्र काढायचे राहिलेच. लहान पोरांची नावं अजून निसटतात. मग ती सगळ्यांना 'बाळ' म्हणून मोकळी होते, पन्नाशीच्या सरपंचालासुद्धा.

आता दर महिन्याला बबनराव सोबत जातो. गाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद त्यानं तिच्या पिशवीत ठेवला, तर तिनं तो काढून त्याच्याच खिशात घातला. परवा गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं निघालाव, आजी?"

"भावाला दवाखान्यात नेतीया," आक्का आवाज उतरवून म्हणाली. "लई इसरतो."

बबनरावानं ऐकलं. उठून त्यानं खिडकीची जागा तिला दिली.